ज्येष्ठातली पैनगंगा

शेगावच्या गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला पायी जाते, तेव्हा जिल्ह्यांबरोबर ती तीन मोठ्या नद्यांची खोरीही ओलांडते. शेगाव, नागझरी, पारस, अकोला, पातूर हा सारा मुलूख पूर्णेचा, म्हणजे तापीचा. तिथे पडलेला पाऊस पश्चिमेला अरबी समुद्राकडे जातो. पातूरचा घाट चढून पालखी वाशीमच्या पठारावर आली, मेडशी मागे पडली, की पुढे जमिनीचा उतार बदलतो आणि पाणी गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराची वाट धरते. शिरपूर, चिंचांबापेन, मसलापेन, रिसोड, सेनगाव, नर्सी, औंढा नागनाथ, परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई, कळंब, धाराशिव असे गोदावरीचे खोरे पायाखाली घालून तुळजापूरचा घाट उतरला, की भीमेचे म्हणजे कृष्णेचे खोरे लागते. पताकाधारी, टाळकरी आणि सेवेकरी मिळून सुमारे सातशे माणसे महिनाभर शिस्तीत चालतात. वाटेत मन, मोर्णा, पैनगंगा, कयाधू, मराठवाड्यातली पूर्णा, गोदावरी, मांजरा, तेरणा, सीना आणि भीमा लागतात. महाराष्ट्राच्या भूगोलाचा इतका मोठा छेद घेणारी दुसरी वारी क्वचितच सापडेल.

या नद्यांपैकी काही तीर्थ आहेत आणि काही नुसते पूल आहेत. गंगाखेडला गोदावरी आहे, जनाबाईचे गाव आहे. तिथे नदीवर जाणे हा मुक्कामाचाच भाग असतो. नर्सीला कयाधू नामदेवांमुळे पावन झालेली. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वर उभा आहे. पैनगंगा मात्र रिसोडच्या आधी, चिंचांबापेन-मसलापेनच्या टापूत, ओलांडली जाते आणि मागे पडते. रिसोडचा पाहुणचार चांगला असतो, रस्त्यावर रांगोळ्या असतात, दर्शनाला गर्दी लोटते. पण त्या सगळ्या उत्सवात नदीला जागा नसते. हे असे का, असा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो विचारण्यासारखा आहे, कारण त्याचे उत्तर पुराणांत सापडत नाही. ते पंचांगात आणि खडकात सापडते, असे मला वाटते.

आधी पैनगंगेची बाजू मांडू. तीर्थ होण्यासाठी जे जे लागते ते तिच्यापाशी आहे. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत, मढच्या बुधनेश्वरापाशी तिचा उगम आहे, म्हणजे पहिल्या पावलालाच महादेव. पुढे तिच्या काठी मेहकर, जिथे मेघंकर दैत्याला मारणाऱ्या शार्ङ्गधर विष्णूची कथा सांगतात आणि १८८८ साली सापडलेली बालाजीची भव्य मूर्ती पाहायला लोक दुरून येतात. नावात गंगा आहेच. ज्या रिसोडच्या परिसरातून ती वाहते, त्या गावाचे जुने नाव ऋषिवट सांगतात, आणि पिंगलाक्षी देवीचे ठाणे तिथे आहे. शेवटाकडे पाहिले तर पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंचा-कालेश्वरमजवळ गोदावरीत जाते. त्या प्राणहितेचा पुष्कर बारा वर्षांनी भरतो. २०२२ च्या एप्रिलमध्ये भरला तेव्हा सिरोंच्याच्या काठावर महाराष्ट्र आणि तेलंगणातून लोक स्नानाला लोटले होते. ज्या पाण्याला रिसोडला कोणी हात जोडत नाही, त्याच पाण्याला शेवटच्या टप्प्यात बृहस्पतीच्या राशीचा मुहूर्त लाभतो. एखाद्या माहात्म्यकाराला आणखी काय हवे असते?

आता पंचांग पाहू. आषाढी एकादशी २०२३ मध्ये २९ जूनला होती, २०२४ मध्ये १७ जुलैला, २०२५ मध्ये ६ जुलैला. पालखी शेगावहून त्याआधी महिनाभर निघते: २०२३ ला मेच्या अखेरीस, २०२४ ला १३ जूनला, २०२५ ला २ जूनला. रिसोडचा टापू प्रस्थानानंतर आठ-दहा दिवसांत येतो. म्हणजे बहुतेक वर्षी वारकरी पैनगंगेवर पोचतात ते जूनच्या पहिल्या तीन आठवड्यांत, ज्येष्ठात. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्याला येतो, आणि आला तरी पहिल्या पावसाने नदी वाहत नाही. तापलेली काळी जमीन आधी आपल्या भेगा भरून घेते. सहा-सात महिन्यांच्या उन्हाने नदी जितकी आटू शकते तितकी आटलेली असते, नेमक्या त्याच दिवसांत पालखी तिच्यावरून जाते. रेती, दगड, कुठे एखाद्या डोहात शेवाळलेले पाणी, काठाला बाभळी. वारकऱ्याने पुलावरून खाली पाहिले तर नदी म्हणून त्याला एवढेच दिसते.

त्यामागे खडकाचे कारण आहे. हे पठार दख्खनच्या काळ्या पाषाणाचे, बसाल्टचे. त्याच्या थरांत पाणी साठते ते भेगांत आणि मुरमाड पट्ट्यांत, तेही थोडे. पाऊस वर्षाला सरासरी आठशे मिलीमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. अशा खडकावरची नदी पावसाळ्यात अंगावर येते आणि पावसाळा सरला की झपाट्याने उतरते. वर्षभर तिला जिवंत ठेवणारा भूजलाचा झरा संक्रांतीनंतर क्षीण होत जातो. सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावणाऱ्या नद्यांना जो धुवाधार पाऊस लाभतो, तो अजिंठ्याच्या रांगेच्या नशिबी नाही.

या प्रदेशातली तीर्थे कोणती आहेत हे पाहिले की हा मुद्दा पक्का होतो. पालखी पैनगंगेवर येण्याआधी शिरपूरला थांबते. तिथे अंतरिक्ष पार्श्वनाथ. दोन पंथांच्या वादात ही मूर्ती चाळीस वर्षांहून अधिक काळ कुलूपबंद होती आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये दर्शनाला खुली झाली. तिच्या मूळ कथेत एका राजाचे कुष्ठ पाण्याने बरे होते, आणि ते पाणी नदीचे नाही, साठलेले आहे. वाशीम म्हणजे वाकाटकांचे वत्सगुल्म. वाशीम माहात्म्यात १०८ तीर्थे सांगितली आहेत, आणि त्यांतले सर्वांत मानाचे पद्मतीर्थ हे एक तळे आहे. लोणारला उल्कापाताच्या विवराच्या काठावर गोमुखाची धार आहे; भर उन्हाळ्यातही ती वाहते, म्हणून तिला धार म्हणतात आणि म्हणून तिथे स्नान आहे. या मुलखातल्या लोकांनी देवपण दिले ते टिकणाऱ्या पाण्याला: तळ्याला, कुंडाला, न आटणाऱ्या धारेला. जानेवारीत आटायला लागणाऱ्या नदीला त्यांनी शेतीचे पाणी मानले, गुरांचे पाणी मानले, पूर आला की भीतीही मानली. माझ्या मते यात श्रद्धेचे दुर्भिक्ष अजिबात नाही. निरीक्षण अचूक आहे. वाशीमच्या पठारावरचा तीर्थांचा नकाशा हा भूजलाचा नकाशा म्हणून वाचता येतो, आणि सरकारी खात्यांचे नकाशे नव्हते तेव्हा तो याच कामी येत असणार.

पश्चिमेकडच्या वाऱ्यांशी तुलना केली तर फरक ठळक होतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीत नीरा नदीवर पादुकांना स्नान घालतात. तुकाराम महाराजांच्या पालखीत तेच सराटीला होते. नीरा हे मुक्कामाचे क्षेत्र नव्हे, तिथे पंढरीच्या तोडीचे दैवत नाही. तीही वाटेवरचीच नदी. तरी नीरा स्नान हा वारीतला एक ठरलेला सोहळा झाला, त्यासाठी लोक मुद्दाम जातात. नीरेचे पाणी भोरच्या डोंगरातून येते आणि आता भाटघर व वीर धरणांमुळे राखले जाते. थोडक्यात, वारी पोचते तेव्हा पादुका बुडतील एवढे पाणी पात्रात असण्याची शक्यता तिथे मोठी आहे. वाटेवरच्या नदीला तीर्थ करायला वारीची ना नाही, हे नीरेने दाखवले आहे. पैनगंगेच्या वाट्याला तसा गाजणारा सोहळा आला नाही.

इथे जाणता वाचक अडवेल. चंद्रभागेचे, म्हणजे पंढरपूरच्या भीमेचे, काय? आषाढीला पंढरपूरच्या वाळवंटात कित्येक वर्षी नैसर्गिक प्रवाह नसतोच. उजनी धरणातून पाणी सोडावे लागते. तरी तिच्या पावित्र्याला तडा जात नाही, मग पाणी आणि पावित्र्य यांची सांगड कुठे राहिली? आक्षेप वजनदार आहे. पण नीट पाहिले तर तो माझ्याच बाजूने साक्ष देतो. चंद्रभागेचे महत्त्व ठरले ते उजनीच्या कितीतरी शतके आधी, जेव्हा भीमा अडवलेली नव्हती आणि भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर आषाढात कोसळलेला पाऊस एकादशीपर्यंत पंढरपूरला पोचत होता. आज धरणाने तो अडवला, म्हणून वारीच्या तोंडावर पाणी सोडण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागतो. कोरड्या वाळवंटात वारी पुरती होत नाही हे शासनानेही मान्य केले आहे, इतकाच त्याचा अर्थ. एकदा रुजलेली श्रद्धा कोरडी वर्षे सोसते. रुजताना मात्र तिला ओल लागते.

दुसरा आक्षेप गयेचा. फल्गू नदी वर्षातला बराच काळ कोरडी असते, सीतेच्या शापाची कथा त्याचे समर्थनही करते, आणि तरी पिंडदानासाठी देशभरातून लोक तिथे जातात. खरे आहे. पण फल्गूचे पात्र खोल वाळूचे आहे. हाताने उकरले तर ओल लागते, आणि उकरण्याची ही क्रियाच तिथल्या कर्मकांडात सामावली गेली. पैनगंगेच्या वरच्या अंगाला पात्रात वाळूचा थर पातळ आणि खाली कठीण पाषाण. उन्हाळ्यात झिरे खोदणाऱ्या बायांना हे कोणत्याही भूशास्त्रज्ञापेक्षा चांगले ठाऊक असते. शिवाय फल्गूच्या कोरडेपणावर समाधान मानून कोणी थांबले नाही. २०२२ मध्ये बिहार सरकारने विष्णुपद मंदिरापाशी रबरी धरण बांधले, भाविकांना पात्रात बारमाही पाणी मिळावे म्हणून. सीतेचा शाप पाटबंधारे खात्याने परस्पर मागे घेतला, असे म्हणायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप असा की शेगावची भक्ती संताची आहे, नदी हा तिचा विषयच नाही. तो टिकणारा नाही. दासगणूंच्या ‘श्री गजानन विजय’ ग्रंथात नर्मदेवरच्या फुटक्या नावेचा प्रसंग आहे आणि त्यात नर्मदा स्वतः प्रकट होते. शेगावच्या भाविकांना तो तोंडपाठ असतो. नदी देवता म्हणून समोर येते ही कल्पना या परंपरेला नवी नाही. तिने ती बारमाही नर्मदेच्या बाबतीत स्वीकारली, एवढेच. आणि पैनगंगेच्याच खालच्या अंगाला पाहा. कयाधू आणि इतर प्रवाह मिळून तिचे पात्र भरले की यवतमाळ-नांदेडच्या सीमेवर ती सहस्रकुंडला कड्यावरून कोसळते, आणि तिथे लगेच महादेव आहे, यात्रा आहे, स्नान आहे. पुढे माहूरच्या रेणुकेच्या परिसराला ती वळसा घालते. नाव तेच, नदी तीच. पाणी वाढले तसा तिचा मान वाढला.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. पैनगंगा तीर्थ झाली नाही हे तिचे भाग्यच नव्हे का? तीर्थ झालेल्या नद्यांचे आपण काय केले ते समोर आहे. नाशिकची गोदावरी, पंढरपूरची चंद्रभागा, देहू-आळंदीची इंद्रायणी. निर्माल्य, प्लास्टिक, मैला आणि फेस. चंद्रभागेच्या वाळवंटातील घाणीचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला, वाळवंटातल्या तंबूंवर निर्बंध आले, नदीपलीकडे ६५ एकरांवर वारकऱ्यांची सोय करावी लागली. २०१६ मध्ये ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली आणि नदी आजही स्वच्छ म्हणावी अशी नाही. हे सारे कबूल. भाविकांचा पाय लागला की नदी सुधारते असे मी म्हणणार नाही. अनेकदा उलटच होते. पण या यादीत एक गोष्ट सुटते. चंद्रभागा घाण झाली हे आपल्याला कळले, कारण तिथे दरवर्षी लाखो लोक उतरतात आणि त्यांतले काही तक्रार करतात. तीर्थाची नदी चारचौघांत मळते आणि तिचा दावाही चारचौघांत उभा राहतो. जिच्या पात्रात कोणी उतरतच नाही ती नदी गुपचूप संपते. रेती उपसली जाते, ओढे बुजवून शेते वाढतात, काठ ढासळतात, आणि या कशाचीही बातमी होत नाही. झालीच तर तालुक्याच्या पानावर, पुराच्या आठवड्यात.

पैनगंगेच्या कोरडेपणात माणसाचा हातही आहे, हे इथे सांगायला हवे. रिसोडपर्यंत येण्याआधी तिचे पाणी बुलढाण्याजवळ येळगावला अडते, मग मेहकर तालुक्यात पेनटाकळीच्या प्रकल्पात अडते. पुढे वाशीम जिल्ह्यात तिच्यावर बॅरेजेस झाले. यातल्या कशालाही नावे ठेवण्याचा अधिकार लेख लिहिणाऱ्याला नाही. बुलढाणा शहराला प्यायला पाणी लागते, आणि सोयाबीननंतर हरभरा-गहू घेता आला तर रिसोडच्या शेतकऱ्याचे वर्ष निभते. जूनमध्ये पालखीसाठी पाणी सोडा अशी मागणी कोणी केली तर ती अन्यायाची होईल, आणि मूर्खपणाचीही. तापलेल्या पात्रात सोडलेले पाणी दोन दिवसांत नाहीसे होईल. बंधाऱ्यांचे गणितही समजून घ्यावे. कोल्हापुरी बंधाऱ्यात पावसाळा संपताना बरगे टाकतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. ते पाणी रब्बीचे. ज्येष्ठापर्यंत ते उरावे ही अपेक्षाच चुकीची.

ज्येष्ठात पैनगंगेत पाणी दिसायचे असेल तर ते अडवलेले नसेल, मुरलेले असेल. आणि मुरवण्याची जागा नदीच्या पात्रात फारशी नाही. ती ओढ्या-नाल्यांच्या माथ्यावर आहे. जलयुक्त शिवारच्या काळात नाल्यांचे खोलीकरण आणि सरळीकरण गावोगाव झाले, फोटोही भरपूर निघाले. पण सरळ केलेला नाला पाणी लवकर वाहून नेतो, मुरवत नाही, ही टीका तेव्हाच झाली होती आणि ती योग्य होती. रिसोडचे उदाहरण तर फार बोलके आहे. ज्या कयाधूच्या काठी नर्सीला पालखी पुढे नामदेवांच्या जन्मस्थानी टेकते, ती कयाधू याच रिसोड तालुक्यात, आगरवाडीच्या शिवारात उगम पावते. हिंगोली जिल्ह्यात तिच्या पुनरुज्जीवनासाठी स्वयंसेवी कामे उभी राहिली, लोक जमले, कारण तिच्या काठी नामदेव आहेत. उगमाच्या बाजूला ती नुसता ओढा आहे, आणि ओढ्याला पाठीराखा नसतो. खालच्या गावाचे तीर्थ वरच्या गावाच्या बांधबंदिस्तीवर उभे आहे, हे नाते ना प्रशासनाच्या कागदावर आहे, कारण मध्ये जिल्ह्याचीच नव्हे तर विभागाचीही सीमा आहे, ना कीर्तनात. कीर्तनात ते यायला काय हरकत आहे, मला कळत नाही. पर्यावरणावर बोलणाऱ्या दिंड्या आता निघतात. झाडे लावा, प्लास्टिक टाळा हे त्यांत असते. वाटेवरच्या अमुक नदीचे पाणी कुठून येते आणि कुठे अडते, इतके नेमके मात्र त्यांत सहसा नसते.

याच पालखीने आपल्यासमोर एक तुलना आयती ठेवली आहे. जाताना ती पैनगंगा रिसोडपाशी ओलांडते. परतताना ती दुसऱ्या वाटेने येते: बार्शी, बीड, गेवराई, शहागडला पुन्हा गोदावरी, जालना, सिंदखेडराजा, लोणार आणि मेहकर. म्हणजे हीच नदी ती दुसऱ्यांदा मेहकरला भेटते, जुलैच्या उत्तरार्धात किंवा ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात. मेहकरचे माहात्म्य पालखीच्या किती तरी आधीचे आहे. पन्नास-पंचावन्न वर्षांच्या वारीने ते घडवले असे कोणी म्हणणार नाही. तरी एकाच वारीला एकच नदी एका मोसमाच्या अंतराने दोनदा दिसते, एकदा रेतीची आणि एकदा पाण्याची, हा योग विरळा. जाताना पुलावरून नजर न वळवणारा माणूस येताना मेहकरला थांबून पात्राकडे पाहतो की नाही, हे कुणी तरी एकदा नीट नोंदवायला हवे.

माझा तर्क तपासायला आणखी एक संधी पंचांग स्वतःच देते. अधिक महिना आषाढाच्या आधी आला की एकादशी लांबते: २०१५ मध्ये ती २७ जुलैला होती, २०१८ मध्ये २३ जुलैला, आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती २५ जुलैला आहे. अशा वर्षी पालखी रिसोडला जूनच्या अखेरीस येते. तोवर दोन-तीन चांगले पाऊस झालेले असले, तर पैनगंगा गढूळ का होईना, वाहत असते. काही वारकरी पुलाच्या कडेने खाली उतरले, कोणी पायावर पाणी घेतले, कोणी ओंजळ भरली, तर या नदीला तीर्थ होण्यापासून पुराणांनी नव्हे, ज्येष्ठाने अडवले होते, हे म्हणणे खरे ठरेल. पाणी असूनही कोणीच उतरले नाही, तर माझे उत्तर अपुरे आहे आणि ते दुसऱ्या कुणी तरी शोधावे.